बोंड तुमचं, बी मालकाची

सकाळचे सहा चाळीस. परळला पुलाखाली कोकणातून आलेल्या खासगी बसची डिकी उघडली आणि क्लीनर वाकायच्या आधी नम्रता तांबे आत वाकली. तिला हवा असलेला खोका माशांच्या थर्माकोलच्या पेटीला टेकून होता. वर मार्करनं लिहिलेलं, ‘परुळेकर, ठाकूरद्वार’. तिनं तो फूटपाथवर ठेवला आणि तिथेच सुतळी सोडायला घेतली.

“घरी जाऊन उघडा ना मॅडम,” क्लीनर म्हणाला. “साप निघणारे काय त्यातून?”

“निघाला तर इथेच निघू दे.”

साप निघाला नाही. पेंढ्यात ठेवलेली लाल-पिवळी काजूची बोंडं निघाली. तिनं एक उचललं, नाकाजवळ नेलं, देठाशी बोटानं दाबून बघितलं. माशांचा वास लागलेला नव्हता, सडकं काही नव्हतं. खालच्या थरात करवंदं आणि रातांबे होते. वेगळं असं एकच होतं. एरवी नुसती बोंडं येत. आज प्रत्येकाच्या बुडाशी काजूची बी तशीच लटकत होती, करडी-हिरवी, मूत्रपिंडाच्या आकाराची.

तिनं ठाकूरद्वारला फोन लावला.

“काकी, बिया काढलेल्या नाहीत.”

“भावोजींनी मुद्दाम ठेवल्यात,” पलीकडून सुभद्रा परुळेकर म्हणाल्या. “बी पिरगळून काढली की बोंड रडत बसतं गो. मुंबईला येईपर्यंत अर्धं पाणी. बीसकट टिकतं.”

“मग तुमच्याकडे आल्यावर काढू या.”

“कशाला? तुझे गोरे फोटो काढतात ना? बीशिवाय बोंड म्हणजे नाक कापलेला माणूस. खाऊन झालं की बी वाटीत टाकायला सांग. भावोजींनी परत मागितल्यात.”

टॅक्सी आली होती. नम्रतानं खोका मांडीवर घेतला आणि विषय तिथेच राहिला. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

नम्रता तांबे त्रेचाळीस वर्षांची आहे. सरकारी परवाना असलेली, जर्मन बोलणारी गाइड. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढली, आता भोईवाड्याला राहते. ऑक्टोबर ते मे या काळात बॅलार्ड पिअरला मोठी प्रवासी जहाजं लागतात. जहाज सकाळी येतं, संध्याकाळी जातं. मधल्या वेळात प्रवाशांना शहर दाखवून परत आणायचं, हे तिचं काम. एका टूर कंपनीसाठी ती ‘गिरगावच्या वाड्या आणि बागेतली फळं’ या नावाची सहल करते. ही सहल तिनंच सुचवली होती. गिरगावात एके काळी खरोखरच बागा होत्या. फणसवाडी, केळेवाडी ही नावं उगाच पडलेली नाहीत. बागा गेल्या, नावं राहिली. म्हणून फळं वेंगुर्ल्याहून येतात, सुभद्राबाईंच्या दिरांच्या बागेतून. ती खायची ठाकूरद्वारच्या मागच्या एका वाडीत, सुभद्राबाईंच्या तळमजल्यावरच्या खोलीसमोरच्या अंगणात.

नम्रताला भीती वाटते. गेली सतरा वर्षं हे काम करताना ती कमी झाली नाही, उलट वाढली. पाहुणे बहुतेक सत्तरीच्या पुढचे असतात. ते चाळीच्या पायरीवरून पडतील, नळाचं पाणी पितील, कुत्र्याला हात लावतील, उन्हानं चक्कर येईल. तिच्या खांद्यावरच्या कापडी झोळीत मलमपट्टी, मीठ-साखरेची पुडी, टॉर्च आणि जास्तीची टोपी असते. पाहुण्यांना ती हसरी वाटते. बसचा ड्रायव्हर आनंदा चव्हाण तिला आठ वर्षं ओळखतो. तो म्हणतो, “मॅडम हसतात तेव्हा समजायचं, काहीतरी मोजतायत.”

त्या दिवशी बसमध्ये वीस जर्मन पाहुणे होते. साडेआठला बंदराच्या दारातून निघाले, नऊला ठाकूरद्वारला उतरून वाडीत शिरले. सुभद्राबाईंनी अंगणात पाटावर केळीची पानं मांडली होती. आंब्याच्या फोडी, फणसाचे गरे, करवंदं, रातांबे. मधोमध परातीत माणशी एक अशी वीस बोंडं, आणि शेजारी मीठ.

नम्रतानं सांगायला सुरुवात केली. हे फळ मुंबईत कुठे विकत मिळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते नासतं. ह्याच्या खाली जे लटकतंय तोच काजू. यावर पाहुण्यांमध्ये नेहमीसारखा आश्चर्याचा आवाज उठला. मग तिनं कोकणातली रीत सांगितली. कुणाच्याही काजूखालून जाताना भूक लागली तर बोंड खावं, कोणी अडवत नाही. पण बी खिशात घालायची नाही. ती झाडाखाली ठेवून जायची. बोंड वाटसरूचं, बी मालकाची.

“आणि कुणी बी नेली तर?” एकानं विचारलं.

“तर तो चोर,” ती म्हणाली, आणि सगळे हसले.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. बोंड तुरट असतं, घसा थोडा खवखवेल, घाबरू नका, म्हणून तर मीठ लावायचं.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी सांगायची राहिली. कच्च्या काजूच्या कवचात चीक असतो, तेलासारखा, आणि तो कातडी जाळतो. भाजल्याशिवाय त्या बीला कोणी दात लावत नाही. ही गोष्ट राहिली, कारण ती कोकणात कोणी कोणाला सांगतच नाही. विस्तव भाजतो हे जसं सांगत नाहीत, तसंच.

वास्तविक हे नम्रताला सुभद्राबाईंपेक्षा जवळून ठाऊक होतं. परुळेकरांची बाग होती. तांब्यांच्या घरात बाग नव्हती, मजुरी होती. नम्रताचे आजोबा बुधाजी परळच्या गिरणीत लागले, त्याआधी आजी कमलाबाई राजापूरकडे काजू फोडायच्या शेडमध्ये बसायची. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं मरेपर्यंत काळी होती. लहान नम्रता विचारायची, आजी, हे धुतलं तर जाणार नाही का? आजी सांगायची ती एका मुलाची गोष्ट. शेडमध्ये कुणाचं तरी चार वर्षांचं पोर होतं, त्यानं कच्ची बी चावली. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ पावासारखे फुगले, जीभ तोंडात मावेना. आई कापसानं दूध पिळायची. श्वास घेताना पोराच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायचा. पोर वाचलं. पण तो शिट्टीचा आवाज कमलाबाई स्वतः काढून दाखवायची, आणि नम्रता रात्री पांघरूण तोंडात कोंबून झोपायची.

पाहुण्यांनी बोंडं खाल्ली, तोंडं वाकडी केली, फोटो काढले. एकेक बी वाटीत पडली. साडेदहाला बस लालबागच्या दिशेनं निघाली.

भायखळ्याच्या पुलावर फोन वाजला.

“ऐक गो, गंमत,” सुभद्राबाई हसत होत्या. “वाटीत एकोणीसच आहेत. तुझ्यातल्या कुणीतरी एक बी लांबवली. टोपीवाली आजी असणार, ती सारखी हातात धरून बघत होती. जाऊ दे, एका बीनं भावोजी काय भिकेला लागत नाहीत.”

नम्रता मनात मोजत होती. वीस माणसं, एकोणीस बिया.

“काय झाला? रागावलंस?”

“काकी, पाटाखाली बघा. घरंगळली असेल.”

“बघितलं. केर पण काढला.”

“पुन्हा बघा.”

तिनं फोन ठेवला. ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर होती. तिनं वळून मागे पाहिलं. वीस म्हातारी माणसं खिडकीबाहेर बघत होती. टोप्या निम्म्या जणांच्या डोक्यावर होत्या. काही जण घसा खाकरत होते. घसा खवखवेल, घाबरू नका, असं तिनंच सांगितलेलं होतं.

“आनंदा, बस हळू घे.”

“अजून किती हळू? मागचा टॅक्सीवाला माझ्या सात पिढ्या काढतोय.”

ती माइक घेऊन उभी राहिली. जमेल तेवढ्या शांत आवाजात तिनं सांगितलं की एक बी राहिली आहे. कच्च्या बीत तेल असतं, ते तोंड भाजतं. कुणाकडे चुकून आली असेल तर कृपया तोंडात घालू नका, माझ्याकडे द्या.

कोणी हललं नाही. मागच्या बाजूनं एका गृहस्थांनी विचारलं, “आता आमची झडती घेणार का?” हशा पिकला. हसण्यात सगळे होते.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिनं स्वतःच दार बंद करून ठेवलं आहे. तासाभरापूर्वी तिनं या माणसांना सांगितलं होतं, बी नेतो तो चोर. आता वीस जणांसमोर हात वर कोण करील?

तिनं विनीतला फोन लावला. विनीत कंपनीच्या ऑफिसात बसून सगळ्या बसगाड्या सांभाळतो.

“एक बी?” तो म्हणाला. “मॅडम, एक बी ना? कुणीतरी सुवेनिअर म्हणून ठेवली असेल. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवतील.”

“काजू आहे विनीत. शोकेसमध्ये ठेवत नाहीत, खातात.”

“तुम्ही पॅनिक करू नका आणि त्यांना करू देऊ नका. माइकवर जळतं-बिळतं बोलू नका प्लीज. जहाजवाल्यांना कळलं तर आपला फ्रूट स्टॉपच उडेल.”

चिंचपोकळीचा सिग्नल लागला. नम्रतानं झोळी रिकामी केली. मलम, टॉर्च, टोपी, सगळं सीटवर ओतलं. तिला नायगावच्या चाळीतला मजला आठवला होता. नळावर कुणाची अंगठी नाहीतर पोरीचं पैंजण हरवलं की आवाज चढायच्या आत कोणीतरी म्हातारी मधल्या अंधाऱ्या खोलीत तांदळाचा डबा ठेवायची. मजल्यावरच्या प्रत्येकानं एकट्यानं आत जायचं, डब्यात हात घालायचा, बाहेर यायचं. शेवटी डबा परातीत ओतायचा. बहुतेक वेळा वस्तू सापडायची, आणि कोणी काही विचारायचं नाही.

तिनं माइक पुन्हा घेतला. म्हणाली, आमच्या चाळीत एक खेळ होता. ही पिशवी मागून पुढे येईल. प्रत्येकानं तिच्यात मूठ घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. सगळ्यांनी. मी समोर तोंड करून बसणार आहे.

ती समोर तोंड करून बसली. आनंदा आरशात बघायला लागला, तर तिनं आरसा हातानं वाकडा केला.

“अहो, मला ट्रॅफिक दिसायला नको?”

“बाजूच्यात बघ.”

पिशवी पुढे यायला बस लालबागपर्यंत पोचावी लागली. पहिल्या रांगेतल्या बाईंनी ती तिच्या खांद्यावर टेकवली. नम्रतानं आत टॉर्च मारला. तळाशी बी होती.

तिनं रुमालात धरून ती वर काढली. कवच एका बाजूनं चिरलं होतं. चिरेत दातांच्या खुणा होत्या, आणि तिथून पाझरलेला चीक हवेनं काळा पडायला लागला होता.

आनंदानं ते पाहिलं. तो लालबागचा असला तरी मूळ गाव कणकवलीजवळ. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, “आयला.”

आता प्रश्न बी कुठे आहे हा नव्हता. ती कुणाच्या तोंडात जाऊन आली, हा होता. आणि ते माणूस गप्प बसलं होतं.

कार्यक्रमात पुढे लालबागची मसाल्याची गल्ली होती. तिथे मिरच्या कुटतात आणि आत पाऊल टाकलेला प्रत्येक जण खोकतो, डोळे पुसतो, रुमाल तोंडाला लावतो. नम्रतानं ती गल्ली रद्द केली. त्या गल्लीत वीसही जण सारखेच दिसले असते.

“कोपऱ्यावर शहाळीवाला आहे, त्याच्यापाशी लाव.”

“इथे लावली तर ट्रॅफिकचा मामा चलान फाडेल.”

“फाडू दे. वीस शहाळी. सगळ्यांना स्ट्रॉ.”

पाहुणे कुरकुरले, मसाल्याची गल्ली माहितीपत्रकात छापलेली होती. पण ऊन चढलं होतं, शहाळं हातात आल्यावर सगळे प्यायला लागले. नम्रता पुढून मागे सरकत राहिली, हसत, रिकामी शहाळी गोळा करत. ती ओठ बघत होती. एका गृहस्थांनी शहाळं घेतलंच नाही आणि का घेतलं नाही हे बराच वेळ सांगितलं. त्यांचे ओठ ठीक होते. सहाव्या रांगेत खिडकीशी एक बाई शहाळं मांडीवर धरून बसल्या होत्या. गळ्यातला पातळ स्कार्फ त्यांनी हनुवटीपर्यंत ओढला होता. ऊन त्यांच्या बाजूला नव्हतं.

या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, एल्सनर. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या आलेल्या. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. सुभद्राबाईंचा अंदाज चुकला होता. नम्रता शेजारी बसली. तिनं त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हीच्या टोकांवर तपकिरी डाग होता. तो रंग तिनं पस्तीस वर्षांनी पाहिला, पण ओळखायला क्षण लागला नाही.

तिनं बीबद्दल विचारलं नाही. आपल्या आजीच्या बोटांना असाच डाग होता, एवढं सांगितलं. आणि विचारलं, “जळतंय का?”

बाईंनी मान हलवली. मग स्कार्फ खाली केला. खालचा ओठ एका बाजूला लाल होऊन जाड झाला होता, तोंडाच्या कोपऱ्यात कातडी पांढरट पडली होती.

“नातवाला दाखवायची होती,” त्या अडखळत म्हणाल्या. “आत कसं दिसतं ते बघावं म्हणून दातानं… पिस्त्यासारखं. मी चोर नाही.”

“बोलू नका. गिळू नका. थुंकी इथे टाका.”

आनंदा समोरच्या दुकानातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला. चीक पाण्यानं सुटत नाही, तेलानं सुटतो. पाणी लावलं तर नुसता पसरतो. नम्रतानं कापसानं ओठ पुसले, बोटं पुसली, पुन्हा नवा कापूस घेऊन पुसले. तिचे हात स्थिर होते, कारण त्यांना काम होतं. कान मात्र बाईंच्या श्वासाकडे लागले होते. नाकातून येणारा साधा श्वास होता. शिट्टी नव्हती. अजून नव्हती.

नियमाप्रमाणे गाइडनं गट सोडायचा नसतो. तिनं विनीतला सांगितलं, टॅक्सी पकड, शिवाजी पार्कला ये, गट तुझ्या ताब्यात.

“मला जर्मन येत नाही मॅडम!”

“क्रिकेटचे नेट दाखव. त्याला भाषा लागत नाही.”

तिनं फ्राऊ एल्सनरना घेऊन टॅक्सी केली. परळमध्ये हॉस्पिटलं जवळजवळ आहेत. सात मिनिटांत पोचल्या. ती सात मिनिटं बाई तिचा हात धरून होत्या. मधेच त्यांनी विचारलं, “माझा घसा बंद होईल का?” नम्रता म्हणाली, “मला माहीत नाही. म्हणून तर जातोय.”

अपघात विभागात तरुण डॉक्टर होता. त्यानं कागदावरून मान वर केली.

“काय चावलं म्हणालात?”

“काजूची कच्ची बी.”

“परळमध्ये?”

“गिरगावात.”

“गिरगावात काजूचं झाड आहे?”

“डॉक्टर, ते नंतर सांगते. आधी घसा बघा.”

त्यानं बघितलं. ओठ, जिभेचं टोक आणि गालाची आतली बाजू भाजली होती. घसा स्वच्छ होता. तेल लावलं ते बरं केलंत, म्हणाला. इंजेक्शन दिलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, दोन तास बसवून ठेवायचं ठरलं. मग नम्रताला म्हणाला, “सगळं सांगू नका त्यांना, घाबरतील. ही जळजळ आज दिसते त्यापेक्षा उद्या जास्त दिसणार. ओठ सुजेल, फोड येतील. ते चालेल. पण आवाज बदलला, श्वासाला आवाज यायला लागला, तर तासभरसुद्धा थांबायचं नाही. आज रात्री कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.”

“रात्री त्या समुद्रात असतील.”

“जहाजावर डॉक्टर असतो ना? त्याला नीट कळलं पाहिजे काय झालंय ते. साधी तोंड आल्याची केस समजून झोपेची गोळी देऊन टाकली, असं नको.”

नम्रतानं यातलं सगळं भाषांतर करून सांगितलं, झोपेच्या गोळीसकट. फ्राऊ एल्सनर लक्षपूर्वक ऐकत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण नंतरच्या दोन तासांत, श्वास कसा चाललाय हे त्या स्वतःही तपासत होत्या. दर थोड्या वेळानं नम्रताकडे बघून बोट वर करत, म्हणजे ठीक.

मधे एकदा त्यांनी विचारलं, “तुमच्या रीतीत बोंड खाणाऱ्याला चोर म्हणत नाहीत. बी नेणाऱ्याला खरंच म्हणतात?”

“एका बीला नाही,” नम्रता म्हणाली. “मी हसवायला म्हटलं होतं.”

पावणेतीनला त्या बॅलार्ड पिअरला पोचल्या. विनीत दारात उभा होता, घामानं भिजलेला. गट जहाजावर चढला होता.

“थँक गॉड. चालतायत, बोलतायत,” तो म्हणाला. मग तिला बाजूला घेऊन आवाज खाली आणला. “मॅडम, ऐका. लालबागला तर गेलोच होतो आपण. मिरची म्हणा. तिखट लागलं, ओठ सुजला. त्यांना ते रोजचं आहे, दहा मिनिटांत विषय संपतो. बी म्हटलंत तर रिपोर्ट होणार. फ्रूट स्टॉप जाईल, काकींचं जाईल, तुमचं पण नाव लागेल.”

“आणि रात्री घसा सुजला तर?”

“डॉक्टर म्हणाले ना स्वच्छ आहे?”

“आता स्वच्छ आहे म्हणाले.”

“मॅडम, प्लीज. चान्स किती आहे?”

“मला माहीत नाही विनीत. तुला माहीत आहे?”

त्यानं घाम पुसला. तो वाईट माणूस नाही. त्याला सोमवारच्या जहाजाचं तीन बसचं काम टिकवायचं होतं.

जहाजाच्या शिडीशी डॉक्टर बाई आल्या. नम्रतानं हॉस्पिटलचा कागद दिला आणि रुमालात गुंडाळलेली बी दिली. हे चावलं, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, बहुतेक बसमध्ये. हे कच्चं होतं. आमच्याकडच्या फळांच्या थांब्यावर दिलं गेलं, आणि चावू नका हे मी सांगितलं नाही. डॉक्टर बाईंनी बी उजेडात धरून पाहिली, दोन प्रश्न विचारले, आणि फ्राऊ एल्सनरना रात्रभर आपल्या दवाखान्यात ठेवून घेणार असं सांगितलं. सकाळी बंदराला लागल्यावर कळवते, असंही म्हणाल्या.

फ्राऊ एल्सनरनी निघताना हात वर केला नाही. एक बोट वर केलं.

जहाज पाचला सुटलं. नम्रता भोईवाड्याला घरी आली. तिची मुलगी दीपिका अभ्यास करत होती. आईच्या हाताकडे बघून तिनं विचारलं, “हे काय लागलंय?” नम्रताच्या उजव्या अंगठ्यावर फिकट तपकिरी डाग होता. पिशवीतून बी काढताना रुमाल सरकला असावा. तिनं अंगठ्याला खोबरेल चोळलं. डाग गेला नाही.

साडेसहाला विनीतचा मेसेज आला. रिपोर्ट वर गेला आहे. फळांचा थांबा पुढचं कळेपर्यंत बंद. उद्याच्या जहाजाची सहल ठाकूरद्वारला न थांबता सरळ जाईल. गाइड तुम्हीच, जर्मन बोलणारं दुसरं कोणी मोकळं नाही.

तिनं सुभद्राबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडचा टीव्ही बंद झाला.

“म्हणजे माझ्या दिराच्या बोंडांना विष म्हणालीस,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“बोंडांना नाही काकी. बीला.”

“कच्ची बी कोण चावतं गो? गाढव चावत नाही!”

“गाढवाला कोणीतरी सांगितलेलं असतं.”

“तू सांगायचं होतंस.”

“हो. मी सांगायचं होतं.”

मग सुभद्राबाईंचा आवाज बदलला. “ती बरी आहे ना गो? म्हातारी?”

“श्वास ठीक होता. रात्र जायची आहे.”

“माझा जीव थाऱ्यावर नाही आता. सकाळी कळलं की लगेच सांग. कितीही वाजलेले असू देत.” मग त्या म्हणाल्या, “आणि उद्याचा खोका? भावोजींनी आत्ताच बसमध्ये चढवला. बियांसकट.”

“मी उतरवून घेते. तुमच्याकडे पोचवते. बिया मी पिरगळून ठेवते, हाताला तेल लावून. तुम्ही हात लावू नका.”

“आणि बोंडं?”

“वाडीतल्या पोरांना द्या. त्यांना माहीत आहे.”

वेंगुर्ल्याची बस उद्या सहा चाळीसला परळच्या पुलाखाली लागेल. फ्राऊ एल्सनरचं जहाज सात वाजता गोव्याच्या मुरगाव बंदरात लागतं.